अर्धा श्वास उशिरा

चिआतुरात हिवाळ्यात पाचलाच डोंगर खाली उतरतो.
वीज असेल तर एल्गुजा, माझे वडील,
खुर्ची ओढत म्हणतात: लाव.

लाव म्हणजे तो म्हातारा लॅपटॉप,
झाकण उघडताना बिजागरी कण्हते त्याची.
विंडोज झेपेना, तेव्हा खालच्या मजल्यावरच्या मालखाझने
एका रात्रीत लिनक्स घालून दिलं.
पैशाला हात लावला नाही,
आंबट आलुबुखाराच्या चटणीची बरणी मात्र नेली.

वडिलांचे कान गेलेत.
थोडे मँगनीजच्या खाणीने नेले, उरलेले वयाने.
कानाचं यंत्र लावलं की म्हणतात,
सगळं ऐकू येतं, बोलणं सोडून.
तर आता सिनेमा वाचायचा.

पहिल्या प्लेयरने अक्षरांच्या जागी चौकोन दाखवले,
एकाला लागून एक, रिकामे,
वरच्या वस्तीतून लोक निघून गेले
त्या इमारतींच्या खिडक्यांसारखे.
पडद्यावर बाई रडत होती आणि खाली
सात चौकोन, स्वल्पविराम, चार चौकोन.
वडील म्हणाले, हे कळलं. पुढे?

दुसऱ्याला आमची लिपी येत होती,
पण अक्षरं मोहरीएवढी,
आणि बर्फाचा प्रसंग आला की
पांढऱ्यावर पांढरी, ताकास तूर लागू देत नव्हती.
त्यांना काळी कड द्यायची सोय
कुठल्या मेनूच्या पोटात होती, मला सापडली नाही.
माझा आळस म्हणा. रात्रीचे अकरा वाजले होते.

तिसऱ्याला तोंडच नाही.
बटणं नाहीत, पट्ट्या नाहीत, नुसती काळी चौकट;
काय सांगायचं ते कळफलकाला सांगा.
पण अक्षर मोठं झालं. कड आली.
एक कळ दाबली की ओळ दशांश सेकंद मागे,
दुसरी दाबली की पुढे.
मी कान पडद्याला आणि बोट कळीवर ठेवून
ओठ हलला की ओळ, असं जमवून आणलं.
जीव भांड्यात पडला.

वडील म्हणाले, उशिरा कर.

सांगायचं राहिलंच:
खाणवाल्यांच्या क्लबात अकरा वर्षं
माझे वडील सिनेमे बोलत.
पडद्याच्या बाजूला स्टूल, कागद झाकून धरलेला दिवा, एक माइक.
नायक, सावकार, घोडेवाला, नवरी, नवरीची आई,
सगळ्यांना एकच आवाज, दिवसभराच्या धुळीने खरखरलेला.
आणि कुणाची तक्रार नव्हती म्हणे.
आई तिसऱ्या रांगेत बसायची. ती म्हणायची, तक्रार होती.

बाबा, आता अगदी बरोबर आहे, मी वहीवर लिहिलं.
बरोबर आहे म्हणूनच सांगतो, ते म्हणाले,
नेहमीसारखे, खाणीत बोलल्यासारखे मोठ्याने.
आधी तोंड दिसू दे त्याचं.
माणूस खोटं बोलणार असेल तर आधी तोंड सांगतं.
मग मी बोलायचो.

एकदा दाबली. अजून. अजून.
चौथ्यांदा त्यांनी हात वर केला,
जसा पूर्वी यंत्रखोलीकडे बघून करत असावेत.

त्या रात्री आम्ही तो सिनेमा शेवटपर्यंत पाहिला,
कुठल्याशा बंदरातल्या दोन भावांच्या भांडणाचा, बेताचाच.
धाकटा जहाजावर चढतो, थोरला वळून बघतो,
नुसता चेहरा,
मग खाली ओळ येते: निघ.
वडिलांचे ओठ हलले.
ते ‘निघ’ म्हणत नव्हते, काहीतरी लांब होतं.
मी थांबवलं, विचारलं.
‘आता जा बाबा एकदाचा,’ ते म्हणाले. थोरला भाऊ आहे ना तो.

आता मी फाईल उघडून ओळी दुरुस्त करते,
एका सिनेमाला तीन-तीन संध्याकाळी लागतात.
मालखाझ जिन्यात भेटला, बरणी परत करायला आलेला,
रिकामी, न धुतलेली.
शेवटी कुठला ठेवलास, म्हणाला.
तोंड नसलेला, मी म्हटलं.
त्यात काय आहे एवढं?
उशीर करता येतो.
तो हसला; त्याला वाटलं, मी तक्रार करते आहे.